बाकडं क्रमांक एक्केचाळीस

पेन्सिलबाईंना कागदोपत्री एक चांगलंसं नाव होतं, पण त्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. नवरा फोटोवाला. बाजाराच्या कोपऱ्यावर त्याचा स्टुडिओ. पुढच्या खोलीत तो लोकांना स्टुलावर बसवून ‘मान वर, खांदे सैल, हसू नका’ असं दटावायचा. मागच्या खोलीत, काचेखाली दिवा लावलेल्या टेबलाशी बाई बसायच्या, हातात सुईसारखी टोकदार पेन्सिल घेऊन. कुणाच्या गालावरचे वांग, कुणाच्या कपाळावरच्या आठ्या, कुणाची नाकावरची चामखीळ. निगेटिव्हवर पेन्सिल फिरली की सगळं गायब! लोक फोटो बघून खूश व्हायचे. ‘मी असाच दिसतो ना गं?’ असं बायकोला विचारायचे, आणि ती बिचारी काय बोलणार? श्रेय सगळं फोटोवाल्याला. पण आतली गोष्ट लोकांना ठाऊक होती, म्हणून तर पेन्सिलबाई हे नाव पडलं.

पुढे संगणक आला. बाईंनी माऊस धरायलाही शिकून घेतलं आणि वांग पुसत राहिल्या. मग ज्याच्या त्याच्या खिशात कॅमेरा आला आणि गिऱ्हाईक आटलं. नवरा गेला, त्याच्या मागोमाग सहा महिन्यांत स्टुडिओ गेला. पाटी उतरवताना बाई रडल्या नाहीत. घरी येऊन नवऱ्याचा कॅमेरा कपाटात ठेवला, पेन्सिलींचा डबा त्याच्या शेजारी ठेवला, आणि कपाट लावून टाकलं.

आता ऐका. जन्मभर फोटोच्या धंद्यात काढलेल्या या बाईच्या घरात भिंतीवर स्वतःच्या एकुलत्या एका लेकीचा धड फोटो नव्हता. होते ते सगळे तिच्या एकोणिसाव्या वर्षापर्यंतचे. लेक आता बत्तीस वर्षांची. पाणीपुरवठा कार्यालयात नोकरीला, दोघी एकाच छपराखाली, एकाच टेबलावर जेवणाऱ्या. पण ‘आई, माझा फोटो काढ’ हे शब्द तेरा वर्षांत तिच्या तोंडून निघाले नव्हते, आणि ‘बस, काढते’ म्हणायची बाईंची छाती नव्हती.

त्याला कारण होतं. तीन वर्षांची असताना लेकीच्या अंगावर उकळतं पाणी सांडलं होतं. जीव वाचला. डाव्या कानापासून हनुवटीपर्यंत व्रण राहिला, पिळून वाळत घातलेल्या कापडासारखा चुरगळलेला. पाणी सांडलं तेव्हा बाई कुठे होत्या, हा विषय त्या घरात कधीच निघाला नाही. सगळे मूग गिळून बसले. मात्र त्यानंतर लेकीचा जो जो फोटो निघाला, त्यातला तो व्रण बाईंनी पुसला. शाळेतला पुसला, सहलीतला पुसला, वाढदिवसाचा पुसला. एकोणिसाव्या वर्षी पहिल्या नोकरीच्या अर्जाला फोटो लागला, तोही हौसेने, संगणकावर दोन तास बसून, लोण्यासारखा करून दिला.

खिडकीवरच्या कारकुनाने फोटो पाहिला, समोरच्या मुलीकडे पाहिलं, परत फोटो पाहिला. मग मोठ्याने म्हणाला, “हा फोटो तुमचा नाही.” मागे रांगेत तीस माणसं. तीसच्या तीस माना वर झाल्या.

लेक घरी आली ती लालबुंद होऊन. फोटो टेबलावर आपटला. “आई, तुला माझं तोंड एवढं नको असेल तर तसं सांग ना!” एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी बसस्टँडजवळच्या दुकानात जाऊन, व्रणासकट फोटो काढून, तिने अर्ज भरला. तेव्हापासून आईच्या कॅमेऱ्यासमोर ती उभी राहिली नाही.

आणि आता तिची बदली झाली होती. लांबच्या गावी. महिन्याच्या शेवटच्या रविवारी जायचं होतं. बाईंना बाकी काही नको होतं, जायच्या आधी लेकीचा एक फोटो हवा होता. पण मागायचा कोणत्या तोंडाने?

या सगळ्यात बाईंना एक काम मिळालं होतं. मोठ्या दवाखान्याच्या भांडारात. तिथले भांडारसाहेब जुने गिऱ्हाईक. लग्नाच्या फोटोतल्या त्यांच्या अकरा पुटकुळ्या बाईंनी मोजून पुसल्या होत्या, आणि ते उपकार साहेब विसरले नव्हते. दवाखान्याचा नियम असा, की कुठलीही वस्तू मोडीत काढायची तर आधी तिचा फोटो समितीपुढे ठेवायचा. फोटोच्या मागे क्रमांक, वस्तूचं नाव आणि स्थिती लिहायची. समितीने मान डोलावली की वस्तू भंगारात.

“काम अगदी सोपं आहे बाई,” साहेब म्हणाले. “वस्तू मोडकी आहे हे फोटोत दिसलं पाहिजे. बास.”

“दिसेल की,” बाई म्हणाल्या. कपाटातला कॅमेरा बाहेर निघाला, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी नेमकं उलटं करायला सुरुवात केली.

मुद्दाम नाही हो! हात तसे वळलेलेच होते. भांडाराच्या मागच्या खोलीत बासष्ट वस्तू ढीग करून टाकलेल्या. बाईंनी आधी एकेक वस्तू पुसली. समोर बसणाऱ्याला ‘तोंड धुऊन या’ म्हणायची सवय, ती कुठे जाणार? तीन पायांचं स्टूल असं वळवलं, की गेलेला पाय नेमका मागच्या बाजूला गेला. टवका उडालेलं एनॅमलचं तसराळं चांगल्या अंगाने ठेवलं. एक चाक निखळलेली रुग्णांची खुर्ची कडेने घेतली. बाळांच्या वजनकाट्याची पिचलेली काच उजेडाच्या विरुद्ध फिरवली. प्रत्येक वस्तूला तिची चांगली बाजू असते, आणि ती हुडकण्यात बाईंचा हात धरणारं कुणी नव्हतं.

एका वस्तूपाशी मात्र त्या रेंगाळल्या नाहीत. लांब लाकडी बाकडं, पाठीवर पांढऱ्या रंगात क्रमांक एक्केचाळीस. त्याचं एक टोक भिंतीकडे होतं. बाईंनी ते तसंच राहू दिलं, अलीकडच्या टोकाचा एक फोटो घेतला आणि दोन मिनिटांत पुढे सरकल्या.

आठवड्याने समितीकडून यादी परत आली. वर शेरा: ‘वस्तू सुस्थितीत दिसत असून त्या मोडीत का काढाव्यात याचा खुलासा व्हावा. बाकडे क्र. ४१ विशेष चांगले आहे.’

भांडारसाहेबांना हसावं की रडावं कळेना. “बाई, तीन पायांच्या स्टुलाला चौथा पाय कुठून आणलात हो? समितीतले लोक मला विचारतायत, नवीन सामान बाहेर काढून विकायचा विचार आहे का म्हणून! हे फोटो या वस्तूंचे नाहीतच!”

बाईंचा चेहरा उतरला. साहेबांना वाटलं आपण जरा जास्तच बोललो. त्यांना काय ठाऊक, हेच वाक्य तेरा वर्षांपूर्वी एका खिडकीवर कुणी कुणाला ऐकवलं होतं.

“शुक्रवारपर्यंत सगळे परत काढून द्या,” साहेब आवाज खाली आणून म्हणाले. “नसेल जमत तर राहू द्या. ऑफिसातलं कुणीतरी मोबाइलवर काढून टाकेल.”

त्या दिवशी बाई मागच्या खोलीत नुसत्याच बसून राहिल्या. स्वतःवर चिडल्या होत्या. एवढं आयुष्य गेलं, लेक तुटली, तरी हात काही सुधारत नाही! मग रागारागाने उठल्या, तीन पायांचं स्टूल ओढलं आणि गेलेल्या पायाची बाजू सरळ पुढ्यात घेतली. खिडकीचं एक दार लावलं, एक अर्धवट उघडं ठेवलं, म्हणजे उजेड तिरका येईल.

आता गंमत बघा. डाग पुसायचा तर आधी तो डोळ्यांत तेल घालून बघावा लागतो. उजेड कुठून आला की तो उठून दिसतो आणि कुठून आला की दबतो, हे बाईंच्या इतकं कुणाला कळणार? तीस वर्षांची ती विद्या होती तशीच होती. फक्त उलटी वापरायची होती.

तिरक्या उजेडात स्टुलाची बैठक दिसली. मधोमध खोलगट झालेली, गुळगुळीत, कितीतरी वर्षं माणसं बसून बसून झिजलेली. बाईंनी ती पहिल्या वेळी पाहिलीच नव्हती, त्या पाय लपवण्यात गुंतल्या होत्या. मग तसराळं घेतलं. टवक्याच्या मध्ये काळं लोखंड, त्याभोवती तांबूस गंज, मग पिवळट कड, मग निळसर, आणि मग बाकीचा पांढरा रंग. रबरी शेकपिशवीला सायकलच्या ट्यूबची तीन ठिगळं होती, एकापेक्षा एक नीट लावलेली. ज्याने कुणी लावली त्याला ती पिशवी फेकवत नव्हती, हे उघड होतं. बाळांच्या वजनकाट्याच्या पारड्याचा रंग एकाच जागी उडाला होता. बाई बराच वेळ विचार करत राहिल्या, इथेच का? मग त्यांनी आपला तळवा तिथे ठेवून पाहिला. बरोब्बर बसला. बाळ लवंडू नये म्हणून नर्सबाई जिथे हात धरायची, ती ही जागा.

“अगं बाई!” त्या मोठ्याने म्हणाल्या.

दारात भांडाराचे शिपाईमामा उभे होते. “काय झालं? भंगारात सोनं सापडलं का?”

“इकडे या. असे खाली वाका. आता बघा.”

मामा गुडघे धरत वाकले. वजनकाट्याकडे बघितलं, बाईंच्या हाताकडे बघितलं. “आयला,” ते म्हणाले, “दहा वर्षं हा काटा मी इकडून तिकडे नाचवतोय. आज दिसला.” त्यानंतर मामा स्वतःहून वस्तू आणून द्यायला लागले, आणि प्रत्येकीचं काय मोडलंय ते आधी स्वतः हुडकून दाखवायला लागले. दोघांनी मिळून एकसष्ट वस्तू उरकल्या. मोडलेलं ते सगळं समोर, उजेडात, काही म्हणता काही लपवलेलं नाही. आणि काय सांगू, पहिल्या फोटोंपेक्षा हे कितीतरी देखणे आले होते.

राहिलं होतं बाकडं.

“मामा,” बाई म्हणाल्या, “याचं भिंतीकडचं टोक पुढे घ्यायला लागेल.”

मामांनी बाकडं फिरवलं. त्या टोकाकडची फळी उभी चिरली होती. आणि हात टेकायच्या लाकडावर, पॉलिश खरवडून, बारीक बारीक रेघा ओढलेल्या होत्या. शेकडो. एकीला एक लागून.

“हे कुणी केलं असेल हो?” मामा म्हणाले. “काय वेड लागलं होतं की काय माणसाला!”

 बाईंनी खिडकी अजून थोडी लोटली, कॅमेरा डोळ्याला लावला. कोपर गुडघ्यावर टेकवलं आणि फोटो घेतला.

गुरुवारी संध्याकाळी टेबलभर फोटो पसरून बाई एकेकाच्या मागे पेन्सिलीने क्रमांक, नाव, स्थिती लिहीत होत्या. लेक शेजारच्या खोलीत बॅग भरत होती. पाणी प्यायला आली आणि टेबलापाशी थबकली. आईच्या कामाकडे ती सहसा ढुंकूनही बघत नसे. पण तिने वजनकाट्याचा फोटो उचलला. मग शेकपिशवीचा. मग उभ्या उभ्याच एकेक बघत गेली.

“तू यातलं काही पुसलं नाहीस?”

“नाही.”

“कमाल आहे,” ती म्हणाली. बोलण्याला धार होती, पण फोटो तिने खाली ठेवले नाहीत. शेवटी तिच्या हातात बाकडं आलं. “आणि हे काय? उंदरांनी कुरतडलंय?”

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली.  आत्ता नाही तर मग कधीच नाही, हे त्यांना कळत होतं.

“उंदरांनी नाही. मी.”

“तू?”

“तू आत होतीस, भाजलेल्यांच्या वॉर्डात. दाराबाहेर हे बाकडं होतं. तीन दिवस मी त्या टोकाला बसून होते. केसातली पिन काढली आणि ओढत बसले रेघा. दुसरं काही करताच येत नव्हतं.”

लेक खुर्चीवर बसली. “मला तर फक्त बाबा आठवतात. डोळे उघडले की बाबा.”

“आत एकालाच सोडायचे. मीच त्यांना पाठवायचे. मला तुझ्याकडे बघवत नव्हतं गं.” बाईंनी पुढ्यातले फोटो बाजूला सारले. “पाणी मीच ठेवलं होतं उकळायला, स्टुडिओतल्याच स्टोव्हवर. मागच्या खोलीत एका नवरीच्या हनुवटीवरचा तीळ पुसत होते. तू आलीस, ‘आई, आई’ करत होतीस. मी मान वर न करता म्हटलं, दोन मिनिटं थांब. तीन वर्षांचं पोर ते. कशाला थांबेल?”

लेकीने बाकड्याचा फोटो पुन्हा हातात घेतला.

“तुझ्या फोटोवरून पेन्सिल फिरवली,” बाई म्हणाल्या, “की तेवढ्यापुरतं वाटायचं, ती दोन मिनिटं झालीच नाहीत. तुझं तोंड मला नको होतं असं कधीच नव्हतं बाळा. मला माझं केलेलं बघवत नव्हतं.”

“आणि हे सांगायला तुला एवढी वर्षं लागली?” लेक एकदम भडकली. “मी आरशासमोर उभी राहून रडले आहे आई! मला वाटायचं, सख्ख्या आईला माझी लाज वाटते. एकदा तरी बोलायचंस!”

“चुकलंच माझं.”

लेक उठून स्वयंपाकघरात गेली. भांड्यांची आदळआपट ऐकू आली. बाई जागच्या हलल्या नाहीत. थोड्या वेळाने लेक दोन कप चहा घेऊन आली, एक आईपुढे ठेवला, आणि नाक पुसत म्हणाली, “ते बाकडं बघायचंय मला.”

शुक्रवारी यादी गेली आणि, नवल म्हणजे, शुक्रवारीच परत आली. भांडारसाहेब कपाळाला हात लावून बसले होते. “एकसष्ट वस्तू मंजूर. सुटलो! पण हे बघा.” शेरा असा होता: ‘बाकडे क्र. ४१ मोडीत काढू नये. फळी बदलून प्रतीक्षालयात परत ठेवावे. हाताच्या लाकडास रंधा मारू नये.’

“आधी चांगलं दिसतं म्हणून ठेवलं,” साहेब म्हणाले, “आता मोडकं दिसतं म्हणून ठेवतायत! समितीतल्या मोठ्या डॉक्टरीणबाई तर फोटो हातातून सोडेनात. नुसत्या म्हणत होत्या, इथे किती माणसं बसली असतील हो. आता सोमवारी सुतार बोलवायला हवा. तुमच्या फोटोंनी माझ्या नाकी नऊ आणले बघा बाई. पुढच्या महिन्यात आणखी एक यादी आहे, याल ना?”

शनिवारी लेक दवाखान्यात आली. शिपाईमामांनी खोली उघडून दिली, लेकीकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, आणि काहीतरी काम आठवल्यासारखं करून निघून गेले.

लेक बाकड्याच्या त्याच टोकाला जाऊन बसली. चिरलेली फळी कुरकुरली. तिने हाताच्या लाकडावर बोट ठेवलं आणि रेघांवरून हळूहळू फिरवत शेवटपर्यंत नेलं. परत सुरुवातीला आली. परत नेलं. बाई दाराशी, कॅमेरा गळ्यात, तशाच उभ्या होत्या.

“काढ,” लेक म्हणाली.

बाईंना नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. “काय?”

“फोटो काढ माझा. उद्या जायचंय मला.”

बाईंनी कॅमेरा उचलला. खिडकीतला तिरका उजेड लेकीच्या डाव्या अंगावर पडला होता. आणि सवय म्हणतात ती ही, तोंडातून निघूनच गेलं, “डावा गाल जरा आत घे.”

लेकीने नजर वर केली.

“नाही, नाही,” बाई घाईघाईने म्हणाल्या. “चुकलं. होतीस तशीच बस.”

“हसू की नको?”

“तुझे बाबा असते तर नको म्हणाले असते.”

“तुला विचारतेय मी.”

“तुला वाटेल ते कर बाळा.”

लेक हसली, आणि त्याच क्षणी बाईंनी फोटो घेतला. पडद्यावर पाहिलं. कानापासून हनुवटीपर्यंतची एकूण एक घडी उजेडात होती. हसल्यामुळे डोळे अर्धे मिटलेले. केसांची एक बट तोंडावर आलेली. स्टुडिओत असा फोटो निघाला असता तर नवऱ्याने गिऱ्हाईकाला दाखवायच्या आधीच फाडला असता.

“डोळे मिटलेत,” बाई म्हणाल्या. “दुसरा काढते.”

लेकीने कॅमेरा हातात घेतला आणि कितीतरी वेळ बघत राहिली. “नको. हाच.”

“अगं, पण—”

“आई, याला हात लावायचा नाही.”

रविवारी सकाळी तिची बस गेली. बाई घरी आल्या. भिंतीवर एक खिळा आधीच ठोकून ठेवला होता. फ्रेममध्ये घालण्यापूर्वी त्यांनी डबा उघडला, पेन्सिलीला बारीक टोक काढलं, फोटो टेबलावर पालथा घातला आणि यादीतल्या फोटोंवर लिहायच्या तसंच त्याच्या मागे लिहिलं. क्रमांक: एक. नाव लिहिलं, लेकीचं पूर्ण नाव. मग स्थिती. तिथे त्या जरा थांबल्या, चष्मा पुसला, आणि समितीचाच शब्द लिहिला: सुस्थितीत.